हॉट रॉडला गर्द हिरवा रंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात उद्यमबागच्या बाजूला माझं डेंटिंग-पेंटिंगचं शेड आहे. रोजचं काम ठोकलेल्या गाड्यांचं. पण हल्ली जुन्या गाडीची हॉट रॉड करायला, म्हणजे तिचं अंग कापून-उतरवून ती वेगळी आणि वेगवान करायला, येणारी पोरं वाढली आहेत. खानापूरकडून, निपाणीकडून, चिकोडीकडून, पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजकडूनही येतात. कुणाकडे आजोबांची अँबॅसिडर, कुणाकडे लिलावातली जीप, एखाद्याकडे खरोखरची तिशीच्या दशकातली फोर्ड. टप खाली आणलेला, पुढची मडगार्डं उतरवलेली, बॉनेटला जाळ्या कापलेल्या. रंगाचं विचारलं की निम्मे तरी म्हणतात, "मेस्त्री, गर्द हिरवा मारू या की." आणि मग तेच ते प्रश्न. चहा गार होतो, उत्तरं संपत नाहीत. म्हणून एकदा लिहून काढली.

हॉट रॉड म्हटलं की लाल किंवा काळी, त्यावर ज्वाळा. हिरवा शोभतो का?

शोभतो, आणि तो नवा लाडही नाही. हॉट रॉड म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती १९३२ ची फोर्ड. स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन देणारी ती पहिली. २२१ घन इंचांचं इंजिन आणि ६५ अश्वशक्ती, आज ऐकून हसू येईल, पण तेव्हा ते लई होतं. कॅलिफोर्नियातली पोरं असल्या गाड्यांचं वजन उतरवायची आणि कोरड्या तलावांच्या सपाट मातीवर पळवायची. त्या १९३२ च्या फोर्डला कंपनीकडूनच जे रंग मिळायचे, त्यात एक हिरवा होता. बग्ग्या बांधणाऱ्या ब्रूस्टर या नावाने ओळखला जाणारा. त्याआधीची मॉडेल टी सुरुवातीच्या काळात हिरवीही यायची. "फक्त काळी" हा प्रकार १९१४ ते १९२५ एवढाच. म्हणजे तुमच्या गाडीला हिरवा द्यायला तुम्हाला कुणाची परवानगी नको. फक्त कुठला हिरवा, तिथे गाडी अडते.

गर्द हिरवा म्हणजे नेमका कुठला?

इथेच गोंधळ. गिऱ्हाईक "बॉटल ग्रीन" म्हणतं, दुकानदार कन्नडमध्ये "कडु हसिरु", म्हणजे गर्द हिरवा, म्हणत डबा काढतो, आणि दोघांच्या मनात दोन वेगळे रंग असतात.

गर्द हिरव्याचे मी तीन कूळ धरतो. पहिला निळसर: खोल विहिरीच्या पाण्यासारखा, थंड. दुसरा पिवळसर: आंब्याच्या जून पानाचा, उन्हात उबदार दिसणारा. तिसरा मातकट: शेवाळी, कडेकडेने तपकिरीकडे झुकणारा. गडदपणा तिन्हींत सारखा असू शकतो. फरक पडतो तो तळाशी काय दडलंय त्याने, आणि तो फरक शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनात दिसत नाही. गाडीभर मारला की दिसतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

बोलायला सोपं जावं म्हणून मी आकडे वापरतो. आरएएल या जर्मन पद्धतीत ६००५ हा मॉस ग्रीन, ६००७ बॉटल ग्रीन, ६००९ देवदाराचा हिरवा आणि ६०१२ जवळजवळ काळा. ब्रिटिश मानकात २२७ म्हणजे डीप ब्रन्सविक ग्रीन, जुन्या इंग्लिश रेल्वे इंजिनांच्या घराण्यातला. २२४ म्हणजे डीप ब्रॉन्झ ग्रीन, तो मातकट. रंग मिसळणाऱ्या दुकानात आकडा सांगितला की वाद मिटतो. निदान सुरुवात तरी एका जागेवरून होते.

माझं मत विचाराल तर गोलाईच्या गाडीला, म्हणजे १९४० च्या आगेमागे बांधलेल्या अंगाला, पिवळसर तळाचा हिरवा. कारण गोलाईवर ऊन सरकतं, आणि त्या सरकत्या कडेला तो पिवळी झाक मारतो. चौकोनी, उभ्या पत्र्याच्या गाडीला निळसर चालतो. मातकट मी शक्यतो टाळतो. त्याचं कारण पुढे येईलच.

ब्रिटिश रेसिंग ग्रीनचा कोड द्या.

असा एक कोड नाही. हे ऐकून लोकांचा माझ्यावरचा विश्वास उडतो, पण खरं तेच आहे. १९०३ साली गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत आयर्लंडमध्ये झाली, कारण इंग्लंडात सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीला बंदी होती. यजमानांचा मान म्हणून इंग्लंडच्या गाड्या हिरव्या रंगवल्या. पुढे देशादेशांचे रंग ठरत गेले: फ्रान्सला निळा, जर्मनीला पांढरा, इटलीला लाल, इंग्लंडला हिरवा. पण कुठला हिरवा, हे नियमात नव्हतंच. कुणी फिका मारला, कुणी काळपट. नंतर प्रत्येक गाडी कंपनीने आपापल्या डब्यावर तेच नाव छापलं. त्यामुळे कोड मागताना कंपनी, मॉडेल आणि साल सांगा. नुसतं "रेसिंग ग्रीन" म्हणजे नुसतं "आमटी".

मिलिटरी हिरवा मारू का? जीपला तोच शोभतो.

नका मारू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुणालाही लावता येत नाही. आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, कॅम्पातून रोज त्या रंगाच्या गाड्या जातात. इथल्या पोलिसाला तो रंग शिकवावा लागत नाही.

मातकट हिरवा मी टाळतो तो याच पायी. तुम्ही शेवाळी म्हणून मिसळून घ्याल, सहा महिने उन्हात राहून चमक उतरली की तो बघणाऱ्याला ऑलिव्ह दिसायला लागतो. मग चौकात गाडी बाजूला घेऊन डब्याची पावती कुणाला दाखवणार? हिरवा असा निवडा की लांबून बघणाराही त्याला फौजी म्हणणार नाही. चमक भरपूर ठेवा, मॅट फिनिश तर या रंगात नकोच.

मोबाईलवर फोटो आहे, अगदी असाच हवा. मिळेल?

पहिली हॉट रॉड केली तेव्हा मीही हेच केलं. परदेशातल्या एका गाडीचा फोटो, संध्याकाळचं सोनेरी ऊन, रंग असा की बघत राहावं. फोन मिक्सिंगच्या दुकानात दाखवला, जुळवून घेतला, मारला. शेडमध्ये ट्यूबलाइटखाली मस्त दिसला. गाडी बाहेर काढून घराच्या दारात उभी केली, सावलीत. आई बाहेर आली, पदराला हात पुसत एक चक्कर मारली आणि म्हणाली, "बरी झालीय. पण काळी का केलीस रे?"

काळीच दिसत होती. उन्हात नेली की हिरवी, सावलीत आली की काळी. फोनचा कॅमेरा गडद रंग स्वतःच उजळ करून दाखवतो, शिवाय फोटो काढणाऱ्याने वर अजून चार बोटं फिरवलेली असतात. फोटोवरून कूळ ठरवा: निळसर की पिवळसर. त्याच्यापुढे फोन खिशात.

तेव्हापासून माझा एक ठोकताळा आहे. जो हिरवा मनात भरलाय, त्याच्यापेक्षा एक पायरी उजळ घ्यायचा. गडद रंगाची गाडी दिवसातला बराच वेळ सावलीत, ढगाखाली नाहीतर दिव्याखाली असते. तिथे हिरवी दिसली तर ती हिरवी.

मग नमुना बघायचा कसा?

सपाट पट्टीवर नाही. माझ्याकडे जुन्या स्कूटरची चार मडगार्डं टांगलेली आहेत, भंगारातून आणलेली. गोल, पोटाशी फुगीर, खाली वळलेली. त्यावर आधी गडद राखाडी सरफेसर (रंगाखालचा भरणीचा थर), मग नमुन्याचा रंग, मग क्लिअर (वरचा पारदर्शक चमकीचा थर), म्हणजे गाडीवर जे थर येणार तेच सगळे थर. रंग पुसटसा मारून "बघा" म्हणणारा मेस्त्री तुम्हाला फसवत नसेल, पण स्वतःला नक्की फसवतोय.

मडगार्ड वाळलं की सकाळी आठला बाहेर न्यायचं, दुपारी बाराला न्यायचं, आणि दिवेलागणीला, साधारण साडेसहाला, पुन्हा. तिसरी वेळ सगळ्यात महत्त्वाची. त्या उजेडात दोन हिरव्यांतला एक अजून हिरवा असतो आणि दुसरा काळा होऊन बसतो. मग रात्री एलईडीखाली. दुकानात एकसारखे वाटलेले दोन रंग एलईडीत भावाभावांसारखे वेगळे निघतात, कारण दोघांत वापरलेली रंगद्रव्यं वेगळी असतात.

एका खानापूरच्या गिऱ्हाइकाने मडगार्ड चार दिवस घरी नेलं. अंगणात ठेवलं, त्यावर तांबडी धूळ बसली, बायकोने बोटाने त्यावर रेघ ओढली आणि ती रेघ बघून दोघांनी रंगाची छटा बदलली. पैसे वाचले म्हणायचे.

दुकानात रंग मिसळताना मी काय बघू?

काट्यासमोर उभे राहा. ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा काटा असतो, त्यावर डबा, आणि दुकानदार एकेक टोनर, म्हणजे मिसळायचा मूळ रंग, थेंब-थेंब सोडत असतो. हिरव्याचा जोर ज्याच्यावर असतो ते थॅलो ग्रीन. तांब्याचं संयुग, १९३० च्या दशकात बाजारात आलं. फार तीव्र असतं ते, आणि उन्हाला सहसा हार जात नाही. त्याआधी हिरवा म्हणजे क्रोम पिवळा आणि प्रशियन निळा यांचं मिश्रण. त्या पिवळ्यात शिसं असायचं. म्हणून जुन्या गाडीचा मूळ हिरवा घासताना कोरडा घासू नका, पाणी सोडून घासा आणि तोंडाला नीट मास्क लावा. पोरं फडकं बांधतात, त्याने काही होत नाही.

आता खरी गोष्ट. हिरवा फार भडक आला, तर दुकानदाराचा हात आपोआप काळ्याच्या डब्याकडे जातो. तिथे थांबवा. काळ्याने हिरवा मळकट होतो, मेलेला दिसतो. त्याऐवजी लाल ऑक्साईडचे दोन-चार थेंब घालायला सांगा. लाल आणि हिरवा एकमेकांचा जोर मारतात, भडकपणा उतरतो आणि तरी रंगात जीव राहतो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दुकानदार माझ्याकडे असं बघत होता की मी बासुंदीत मीठ घालायला सांगतोय. काडीने पांढऱ्या टाइलवर एक फराटा काळ्याचा, शेजारी एक लालाचा ओढला, दोघे टाइल घेऊन शटरबाहेर गेलो. परत आल्यावर त्याने काही न बोलता लालाचा डबा काढला.

सॉलिड घेऊ, मेटॅलिक घेऊ की कँडी?

शहापूर-वडगावच्या मागावर धूपछाव लुगडं विणताना बघितलं असेल तर हे पटकन कळेल. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. समोरून एक रंग, तिरकं बघितलं की दुसरा. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण तेच काम करतात. समोरून उजळ, कडेने गडद. गर्द हिरव्यात हा खेळ फार छान दिसतो.

पण दोन अडचणी. एक, कण सगळीकडे सारखे बसायला हाताची सवय लागते. फवाऱ्याची गन कुठे जवळ गेली, कुठे रेंगाळली की तिथे ढग दिसतो. दुसरी, पुढे कधी दार खरचटलं तर एकट्या दाराला रंग मारून भागत नाही, शेजारच्या भागात विरवत न्यावा लागतो. सॉलिड, म्हणजे कण नसलेल्या साध्या हिरव्यात हा ताप कमी. आणि जुन्या घडणीच्या अंगाला सॉलिडच जास्त खानदानी दिसतो, असं माझं मत. बारीक कणांचा, जेमतेम चमकणारा मेटॅलिक चालेल. जाड कणांचा नको, गाडी लग्नाच्या मंडपासारखी दिसते.

कँडी म्हणजे सोनेरी किंवा चंदेरी तळावर पारदर्शक हिरव्याचे थर. दर थराला रंग गडद होत जातो. एका बाजूला चार थर आणि दुसऱ्या बाजूला पाच पडले, तर दोन गाड्या जोडल्यासारखं दिसतं. सुंदर रंग आहे, पण दुरुस्ती जवळजवळ अशक्य. आपल्या रस्त्यांवर चालवायच्या गाडीला मी कँडी मारून देत नाही.

गर्द रंगात पत्र्याचे दोष झाकले जातात ना?

उलट! हा गैरसमज फार महागात जातो. पांढऱ्या, चंदेरी गाडीवरची लाट कुणाला दिसत नाही. गर्द चकचकीत हिरवा म्हणजे आरसा, त्यात समोरच्या विजेच्या खांबाचं प्रतिबिंब पडतं, आणि पत्रा जिथे अर्धा मिलिमीटर खोल असेल तिथे खांब वाकडा होतो.

म्हणून रंगाच्या बजेटमधला मोठा वाटा रंगावर नाही, घासाईवर जाऊ द्या. पत्रा शक्य तितका ठोकून सरळ करायचा, लांबी, म्हणजे पुट्टी, फक्त उरलेल्या खळग्यापुरती. जाड लांबी उन्हाळ्यात फुगते, पावसाळ्यात तडकते. लांबी घासायची ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग १८० ने. त्यावर सरफेसर, १.६ ते १.८ मिलिमीटरच्या नोजलने भरपूर. तो वाळला की त्यावर काळ्या रंगाचा नुसता धुरळा उडवायचा, गाईड कोट म्हणतात त्याला. मग लांब ठोकळ्याला पेपर लावून तिरकं-तिरकं घासायचं. उंच जागेवरचा काळा आधी जातो, खळग्यातला राहतो. जिथे काळे ठिपके उरले तिथे अजून काम आहे. बोटांखाली पेपर धरून घासणारा पोरगा दिसला की त्याला चहा आणायला पाठवा. बोटांच्या खाचा पुढे रंगात उमटतात.

शेवटी ६०० ने पाण्यात घासून झालं की मी शेडमधले सगळे दिवे घालवतो, एकच ट्यूबलाइट ठेवतो आणि पॅनेलवर पाणी ओततो. ओल्या सरफेसरवर ट्यूबची पांढरी रेघ उमटते. डोकं हलवत ती रेघ दारावरून चालवत न्यायची. जिथे रेघ सापासारखी वळली, तिथे खडूने गोल. पाणी वाळायच्या आत सगळं बघून घ्यावं लागतं, म्हणून दोघं लागतात: एक पाणी ओततो, एक बघतो.

प्रायमरचा रंगही महत्त्वाचा. थॅलोचा हिरवा पारदर्शकतेकडे झुकणारा असतो. खाली लाल ऑक्साईड राहिला आणि वर थर पातळ पडला, तर रंग तपकिरी मारतो. गर्द हिरव्याखाली गडद राखाडी सरफेसर ठेवा, सगळीकडे एकच.

किती रंग लागेल?

उघड्या दोन सीटच्या गाडीला थिनर सोडून दोन-अडीच लिटर, टपाच्या बंद गाडीला साडेतीन-चार. महत्त्वाचं हे की सगळा एकदम घ्या आणि सगळे डबे एका बादलीत ओतून एकत्र करा. तोच आकडा देऊन पुढच्या आठवड्यात आणलेला डबा तोच नसतो.

ड्युको मारू की टू-के?

ड्युको हे एका अमेरिकन कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव, १९२० च्या दशकातलं. त्याआधी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागायचे, ड्युकोने ते तासांवर आणलं. आपल्याकडे ते नाव इतकं रुळलं की अजूनही म्हातारे मेस्त्री कुठल्याही गाडीच्या रंगाला ड्युकोच म्हणतात. त्याची चमक मऊ, जुन्या काळाची असते, हाताने पॉलिश करत आणावी लागते. गाडी फक्त प्रदर्शनात उभी राहणार असेल तर जरूर मारा. पण पेट्रोल सांडलं की डाग, आणि पावसाळी हवेत मारला तर अंगावर पांढुरकी साय धरते, कारण उडून जाणारा थिनर पृष्ठभाग गार करतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसतो.

चालवायच्या गाडीला टू-के, म्हणजे रंग कडक करणारं हार्डनर घालून मारायचा. बेसकोट, म्हणजे रंगाचा थर, १.३-१.४ च्या नोजलने दोन-तीन हात, प्रत्येक हातामध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून, वर क्लिअरचे दोन हात. हिरव्याला खोली येते ती क्लिअरने.

घरच्या गॅरेजमध्ये स्वतः मारू का?

घासाई, लांबी, प्रायमरची तयारी स्वतः करा, पैसे वाचतील आणि गाडी कळेल. टू-केचा फवारा मात्र नको. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसात गेलं की दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही उठतो. त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. साध्या मास्कवर भागवलेल्या माझ्या पिढीतल्या मेस्त्रींचा खोकला ऐका, मग ठरवा.

कुठल्या महिन्यात मारावा?

जून ते सप्टेंबर विसरा. बेळगावचा पाऊस आणि खानापूरकडचा तर त्याहून, भिंतींना घाम येतो तिथे रंग काय वाळणार. लोक म्हणतात, मग दिवाळीनंतर मारू या. हवा छान असते खरी, पण आपल्याकडे तेव्हा उसाचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो. चिकोडी, अथणी, निपाणी पट्ट्यात कारखान्याच्या धुराड्यातून आणि गुऱ्हाळांतून काजळी उडते, ती वाऱ्यावर लांब येते. एकदा मी गावाबाहेरच्या एका शेडमध्ये, दार अर्धं उघडं ठेवून, क्लिअरचा शेवटचा हात मारला. सकाळी बॉनेटवर बुक्क्यासारखे काळे ठिपके. शेजारच्या शेतात पाचट पेटवलं होतं. पुन्हा घासून पुन्हा मारला, पदरचा.

उद्यमबागेत वेगळी तऱ्हा. फाउंड्र्यांच्या आसपास हवेत लोखंडाचा कीस असतो, तो ओल्या रंगात बसला तर महिन्याभरात तांबूस ठिपका फुटतो.

मला विचाराल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च. थंडी गेलेली असते, ऊन अजून रागावलेलं नसतं. सकाळी दहानंतर सुरू करून दुपारी उरकायचं, जमीन पाण्याने भिजवून, दारं बंद करून, हवा ओढणारा पंखा गाळणीसह लावून. वळवाच्या आधीच्या संध्याकाळी तर चुकूनही दिवा लावून रंग मारू नका, पाखरं येतात.

चाकं, सीट, पट्ट्या कोणत्या रंगाच्या?

चाकांना साईच्या रंगाची पिवळसर झाक. पांढरंशुभ्र नको, हिरव्याशेजारी ते दवाखान्यासारखं दिसतं. लाल चाकंही जुन्या रिवाजातली, पण मग लाल दुसरीकडे कुठेच नको. सीटला काथ्याच्या किंवा गुळाच्या ढेपेच्या रंगाचं कातडं. क्रोम कमी. निकेलची पिवळट चमक मिळाली तर हिरव्यासोबत ती जास्त खुलते.

अंगावर बारीक पट्टी हवी असेल तर स्टिकर चिकटवू नका. ट्रकच्या बॉड्यांवर हाताने रेघा ओढणारा जुना पेंटर शोधा, अजून आहेत. खारीच्या केसांचा लांब ब्रश, त्यात पातळ केलेला इनॅमल, करंगळी पत्र्यावर टेकवून तो दाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका श्वासात रेघ नेतो. माझ्याकडे येतात ते मामा साठीच्या पुढचे आहेत. रेघ ओढताना बोलत नाहीत आणि दुसऱ्यालाही बोलू देत नाहीत.

हिरवी गाडी अपशकुनी असते म्हणतात?

ते अमेरिकेत. १९२० साली हिरव्या गाडीतून इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकलेला गॅस्टन शेवरोले त्याच वर्षी शर्यतीत मेला, आणि तिथल्या चालकांनी हिरव्याचा धसका घेतला. पुढे १९६५ मध्ये जिम क्लार्कने तीच शर्यत हिरव्या लोटसमधून जिंकली. आपल्याकडे तर हिरवा चुडा, हिरवं लुगडं, ओटीचा खण. कुणी अपशकून म्हणालं तर त्याला घरच्या लग्नाचा अल्बम दाखवा.

कागदपत्रांचं काय?

आरसीवर रंग लिहिलेला असतो, म्हणून आरटीओत अर्ज करून नवा रंग नोंदवून घ्या, मग ती केए-२२ असो की केए-२३, आणि विमा कंपनीलाही कळवा. हे सोपं आहे. अवघड आहे ते हॉट रॉडचं बाकीचं अंग. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळी पडेल अशी फेरफार गाडीत करता येत नाही. रंग त्यात अडकत नाही, पण कापलेला टप आणि बदललेली चासी अडकते.

दुसरा भ्रम व्हिंटेज नोंदणीचा. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण अट अशी की चासी, बॉडी, इंजिन मुळातलं हवं. हॉट रॉड तिथेच बाद. त्यामुळे हातातली गाडी खरंच दुर्मिळ आणि शाबूत असेल, तर कापायच्या आधी दहादा विचार करा. हिरवा रंग तिला न कापताही देता येतो.

हा रंग ठेवायला कठीण आहे का?

आहे. खानापूरकडची तांबडी धूळ गर्द हिरव्यावर मैलभरावरून दिसते, बैलहोंगलकडच्या काळ्या मातीची राखाडी धूळ थोडी कमी. कोरड्या फडक्याने पुसलीत की कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे, उन्हात गोल-गोल चमकणारे. आधी पाण्याने सोडवा, मग मऊ कापडाने सरळ रेषेत पुसा. नवा रंग महिनाभर मेणाशिवाय ठेवा, आतला थिनर जाऊ द्या. नंतर वर्षा-दोन वर्षांनी फिका वाटला तर बहुतेकदा रंग नाही, वरचा क्लिअर ओरखडलेला असतो. २००० आणि ३००० च्या पेपरने पाण्यात हलका हात आणि पॉलिश, खालचा हिरवा परत वर येतो.

उरलेल्या रंगाचं काय करू?

हार्डनर न घातलेला अर्धा लिटर तरी ठेवा. काचेच्या बरणीत नाही, पत्र्याच्या डब्यात, काठोकाठ भरेल अशा लहान डब्यात, म्हणजे आत हवा राहत नाही. झाकणावर काट्यावरचे सगळे आकडे, टोनरची नावं आणि तारीख ऑइल पेंटने लिहा; स्केचपेनचं दोन पावसाळ्यांत पुसलं जातं. आणि नमुन्याचं ते मडगार्ड माझ्याकडून मागून न्या. पुढे कधी दार ठोकलंत तर डब्याआधी मला तेच लागेल.